कफ्र सवाकीच्या बाकावरची बाई

बाई मेलेली आहे हे कळायला कफ्र सवाकीला अख्खा दिवस लागला, आणि पुढे गावाला सगळ्यात जास्त बोचत राहिलं ते हेच.

सकाळी सातच्या गाडीला ती स्टेशनातल्या बायकांच्या बाकावर बसलेली होती. अंगात काळी पायघोळ गलाबिया, डोक्यावरून ओढणी, हात मांडीवर, चपला बाकाखाली जोडीने ठेवलेल्या. बाजाराचा दिवस होता. शेजारी बायका बसल्या, उठल्या, भांडल्या. एकीने तिला गाडीची वेळ विचारली, उत्तर आलं नाही तशी "टोमॅटो महागले ते महागले, आता लोकांची जीभही महाग झाली" म्हणून फणकाऱ्याने तोंड फिरवलं. दुसरीने तर बदकांची टोपली तिच्या पायाशी ठेवली, "जरा लक्ष असू दे गं बहिणी," म्हणाली आणि दोन तास बाजार फिरून आली. बदकं होती तिथेच होती, म्हणून तिने बाईला तोंडभर दुवा दिला. संध्याकाळी तिकीटवाला बाक झटकायला आला तेव्हा त्याने तिला दोनदा उठायला सांगितलं. मग त्याच्या लक्षात आलं की बाकाचं तोंड रुळांकडे आहे, पण बाई कलून, किब्ल्याकडे, मक्केच्या दिशेला तोंड करून बसली आहे. त्याने पुढे होऊन पाहिलं, आणि त्यानंतर आठवडाभर तो त्या बाकाजवळ फिरकला नाही.

अंगावर जखम नाही, ओळखपत्र नाही, पिशवी नाही. तालुक्याच्या इस्पितळातल्या डॉक्टरने हृदय बंद पडलं असं लिहिलं आणि तिला तीन दिवस बर्फात ठेवलं. तिचा फोटो फेसबुकवर फिरला आणि खाली लोकांची नुसती झुंबड उडाली. कुणी म्हणालं, नवऱ्याने टाकलेली असणार. कुणी म्हणालं, मोठ्या घरची आहे, हात बघा. बदकवालीने शपथेवर सांगितलं की बाईने मान हलवून होकार दिला होता, आणि तेव्हापासून ती बदकं विकायलाच तयार नव्हती. निवृत्त मास्तर रिफअतना कुठल्याही गोष्टीत पुरावा लागायचा आणि मत मात्र आधीच तयार असायचं. ते कॉफीच्या दुकानात रोज नवा सिद्धांत मांडत होते. याच लोकांनी कफनासाठी दोन तासांत पैसे जमवले, आणि सरकारी वकिलाच्या कचेरीत जाऊन अर्ज केला की बाई आमच्या गावात वारली, ती आमची पाहुणी, तिला आम्हीच पुरणार. माणसं अशीच असतात. एका हाताने चिखल उडवतात आणि दुसऱ्या हाताने पुसतात.

चौथ्या दिवशी दुपारी तिला मशिदीमागच्या खोलीत आणलं आणि इन्शिराहला बोलावणं गेलं.

इन्शिराह गावातल्या बायकांची मयत धुवायची. वय सदुसष्ट, विधवा, मूलबाळ नाही, गुडघे सुजलेले. चाळीस वर्षांत तिने अर्धं गाव असं पाहिलं होतं जसं त्यांच्या नवऱ्यांनीही पाहिलं नव्हतं, आणि एक अक्षर बाहेर काढलं नव्हतं. धुणारीने जे पाहिलं ते मातीत जायचं, हा नियमच आहे. "इन्शिराहचं तोंड म्हणजे बुजवलेली कबर," असं गाव म्हणायचं, आणि तो मान होता. मानाबरोबर दुसरीही गोष्ट यायची. तिच्या हातचा चहा कुणी पुरता संपवत नसे.

तिला एकच घोर होता. आपल्याला कोण धुणार? पाणी ओतायला असायची ती सोबतीण हिवाळ्यात वारली. शेजारच्या गावची धुणारी पैसे मोजून आणतात, ती चार तांबे ओतते आणि घड्याळ बघते. दोन महिने विनवण्या करून इन्शिराहने बहिणीच्या मुलीला, हिक्मतला, तयार केलं होतं. "तीनदा माझ्याबरोबर ये, शिकून घे. मग फक्त मला धू, बाकी कुणालाही हात लावू नकोस," एवढंच तिचं मागणं होतं. हिक्मत भित्री, बोलघेवडी, पण मनाने चांगली. आज तिची पहिली वेळ होती.

"डोळे मिटून ओतलं तर चालेल का गं खाला?" हिक्मतने दारातच विचारलं.

"ओत. फक्त माझ्या पायावर ओतू नकोस."

इन्शिराहने बाईला नाभीपासून गुडघ्यापर्यंत चादरीखाली घेतलं, कपडे काढले आणि ओढणी सोडली. केसांच्या तीन वेण्या होत्या, तीनही मागे सोडलेल्या. तिचा हात थांबला. जिवंत बाई अशी वेणी घालत नाही. अशा वेण्या मयतीला घालतात, धुऊन झाल्यावर, सगळ्यात शेवटी.

"ओत," ती म्हणाली. हिक्मतने कोमट पाणी सोडलं आणि खोलीभर कापराचा वास उठला. कापराचा डबा तर अजून कोनाड्यात बंद होता. वास बाईच्या अंगातून येत होता: कपाळावरून, तळहातांवरून, गुडघ्यांवरून, पायाच्या बोटांवरून. नमाज पढताना सजद्यात जे जे जमिनीला टेकतं तिथे तिथे कापूर लावलेला होता. मानेच्या वळीत, कानांमागे, बोटांच्या बेचक्यांत, मयत धुताना पाण्यात कालवतात त्या बोराच्या पाल्याचा हिरवा चुरा अडकलेला होता.

हिक्मतने डोळे उघडले होते. "खाला, हिला तर कुणीतरी आधीच..."

"पाणी कमी पडतंय. जा, बादली भरून आण."

हिक्मत जवळजवळ पळालीच.

इन्शिराहने बाईचे हात पाहिले. बोटांची टोकं पांढरी पडलेली, तळव्यांना बारीक चिरा. असे हात तिने रोज पाहिले होते, ते तिच्या स्वतःच्याच मनगटांना होते. म्हणजे हीसुद्धा धुणारी होती. मग तिने बाईला कुशीवर वळवलं. खांदे स्वच्छ होते, कंबर स्वच्छ होती. मधोमध, दोन्ही फऱ्यांच्या मधे, दोन तळहातांएवढ्या जागेवर प्रवासाची धूळ आणि सुकलेला घाम तसाच होता. पाल्याचा एक कणही तिथे नव्हता. माणसाचा स्वतःचा हात तिथे पोचत नाही.

कुणी धुतलं नव्हतं तिला. तिने स्वतःच स्वतःला धुतलं होतं.

 इन्शिराह पाटावर बसली. बाजाराच्या आदल्या संध्याकाळी, मगरिबच्या अजानीनंतर, तिच्या दारावर थाप पडली होती. हळू, तीनदा. ती गुडघ्यांना तेल लावत बसली होती. आणखी कुणीतरी मेलं असणार, सकाळी बघू, असं मनात म्हणून तिने श्वास रोखून धरला होता. थोड्या वेळाने पावलं लांब गेली होती, स्टेशनाच्या दिशेने. बाई एक पाठ तेवढी घेऊन आली होती, आणि आपण दार उघडलं नाही.

"माफ कर गं बाई," ती म्हणाली. खोलीत वारा नव्हता. चादरीची कडा मात्र एकदा हलली, किंवा तिला तसं वाटलं. तिने पाण्यात पाला कालवला आणि ती पाठ धुतली. एकदा, तीनदा, पाचदा. इतक्या हळुवारपणे तिने स्वतःच्या आईलाही धुतलं नव्हतं.

बादली भरायला गेलेली हिक्मत नळावर दोन बायकांना भेटली होती. एवढं पुरे होतं. कफनाचं शेवटचं कापड गुंडाळून होईपर्यंत मशिदीच्या अंगणातला आवाज भिंतीपलीकडून आत यायला लागला.

"मी सांगतो ऐका," हा आवाज मास्तर रिफअतांचा. "बाईला आपली वेळ आधीच ठाऊक होती. वेळ आधी कुणाला ठाऊक असते? जो स्वतः ठरवतो त्याला. विष खाऊन बसली असणार बाकावर."

"वली-अवलियांनाही ठाऊक असते, मास्तर."

"वली लोकल गाडीच्या स्टेशनात येतात होय रे?"

"मग कुणीतरी मारून, धुऊन, आणून बसवली असेल. आणि या पंचक्रोशीत असं धुणारं आहे कोण? मी नाव घेत नाही."

"घेतलंसच की."

मशिदीचा इमाम शेख मबरूक भला माणूस होता, पण गर्दीपुढे त्याचं काही चालत नसे. त्याने घसा साफ केला. "आत्महत्या असेल तर इमामाने नमाज पढवावी का, यावर मतभेद आहेत. खून असेल तर सरकारला कळवायला हवं. मला वाटतं आज थांबू या. चौकीला फोन करू. परत नेतील, चिरून बघतील, जे असेल ते कळेल."

चिरून बघतील. इन्शिराहने बाईच्या तोंडावरचं कापड नीट केलं. तिला खरं ठाऊक होतं. ते सांगितलं तर तिच्या स्वतःवरचा आळ तिथल्या तिथे पुसला जाईल. पण स्वतः तयारी करून आलेली बाई म्हणजे विष खाल्लेली बाई, हे मास्तरांनी आधीच ठरवून टाकलं होतं. गप्प राहिलं तर सुरी होती. दोन्हीकडून बाईला माती मिळणार नव्हती.

चाळीस वर्षांत जे केलं नव्हतं ते तिने केलं. दारातला पडदा बाजूला सारून ती उंबऱ्यावर उभी राहिली.

"मी धुतलं तिला," ती म्हणाली.

अंगणातली शंभरेक माणसं दाराकडे वळली.

"आदल्या संध्याकाळी ती माझ्या दारी आली. मगरिबनंतर. तीनदा थाप मारली तिने. मी दार उघडलं." इथे तिचा आवाज कापला. लोकांनी त्याचा वेगळाच अर्थ लावला. "म्हणाली, मी परगावची आहे, मला बरं वाटत नाही, मला मयतीसारखी आंघोळ घाल. मी पुष्कळ समजावलं. ऐकेना. आजारी माणसाचा हट्ट म्हणून घातली. पाला, कापूर, तीन वेण्या, सगळं. मग मसुराचं सूप दिलं, ते प्यायली, आणि सकाळच्या गाडीला जाते म्हणून निघाली. तिने विषबिष काही खाल्लं नाही, तिला कुणी मारलं नाही. डॉक्टरने लिहिलंय तसं हृदय थांबलं. आता नमाज पढवा शेख, उन्हं उतरतायत."

"तुम्ही हे चार दिवस बोलला नाहीत, हाग्गा?" शेखने हज केलेल्या बाईला देतात तो मान देत विचारलं.

"मी कधी कुणाबद्दल बोलले आहे?"

 इन्शिराहचा शब्द होता, आणि तो शब्द आजवर कुणी परत केला नव्हता. पण शब्द मानणं वेगळं आणि तिच्याजवळ उभं राहणं वेगळं. उंबऱ्याशी होते ते पुरुष दोन पावलं मागे सरले. कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "जिवंत बाईला मयतीची आंघोळ. हात लावला आणि सकाळी गेली." दुसरं म्हणालं, "रमजानात माझ्या सुनेचे केस विंचरून दिले होते हिने." मग सून कुठे आहे, बरी आहे ना, याची चौकशी सुरू झाली.

नमाज झाली. मग असं काही झालं की त्या गावाचा राग राग करावा की त्याला कुशीत घ्यावं हे कळू नये. जनाज्याला खांदा द्यायला माणसं भांडली. मास्तर रिफअतांनी सगळ्यांसमोर सांगितलं की धर्मादाय खड्डा नको, माझ्या आईच्या कबरीत जागा आहे, हिला तिथे ठेवा. आणि सांगताना ते लहान मुलासारखे रडले. बदकवाली छाती पिटत होती. नाव नसल्यामुळे बायकांनी तिला "स्टेशनची पाहुणी" म्हणून हाका मारल्या, आणि त्या हाका ऐकणाऱ्याला वाटलं असतं की गावाची पोटची पोर गेली.

इन्शिराहच्या आजूबाजूला चारही बाजूंनी चार-चार हात मोकळी जागा होती. ती चालली की जागाही चालायची.

परतताना कालव्याच्या कडेने हिक्मत तिच्यामागून आली. शेजारून नाही, मागून.

"खाला, तू खरंच तिला...?"

"हो."

"तेव्हा ती बोलत होती? पाणी गार आहे, गरम आहे, असं काही?"

"बोलत होती."

"शेवटी काय म्हणाली?"

इन्शिराहला उत्तर शोधावं लागलं नाही. "म्हणाली, बाकी सगळं माझं मी केलं असतं गं. पाठ तेवढी राहिली होती."

हिक्मतने दोन्ही हात ओढणीत घेतले.  पुलापाशी तिचा रस्ता वळत होता, तिथे ती थांबली.

"खाला, रागावू नकोस. माझी मुलं लहान आहेत. मला नाही जमणार. तुझ्या वेळी दुसरं कुणी बघ."

आत्ता खरं सांगितलं असतं तर हिक्मत परत आली असती. कदाचित बिलगलीही असती. आणि उद्या सकाळपर्यंत ती गोष्ट नळावर पोचली असती, दुपारी मास्तरांच्या आईच्या कबरीवर कुदळी गेल्या असत्या. इन्शिराहला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती, मेलेल्यांमध्ये तर कधीच नाही.

"बघते," ती म्हणाली. "तू जा. मुलं शाळेतून आली असतील."