बादली उचलणारी काठी

क्रेनमास्तरांची गळाची काठी समुद्रात गेली आणि त्यांच्या सुनेच्या रविवारची पार वाट लागली.

सून दातांची डॉक्टर. आठवडाभर लोकांचे जबडे उघडून आत डोकवायचं आणि रविवारी कोणाचंही तोंड बघायचं नाही, एवढंच काय ते तिचं मागणं. ते तिला मिळतही होतं. सासरे जन्मभर बंदरावर क्रेन चालवून निवृत्त झालेले. दर रविवारी उजाडायच्या आत ते मित्रांच्या बोटीवर चढायचे, खोल पाण्यात शिशाचं वजन लावलेला गळ पार तळाला सोडून बसायचे, ते संध्याकाळीच परत यायचे. मासा मिळाला तर मासा आणायचे, नाहीतर गप्पा आणायचे. नवरा दुपारपर्यंत लोळत असायचा. मग ती बाल्कनीत पाय पसरून बसायची आणि काहीही करायची नाही.

आता मास्तर घरी होते. घरी म्हणजे स्वयंपाकघराच्या दारात. तिने गॅसवरून पातेलं उतरवलं की ते डाव्या हाताने खुणा करायचे. "सावकाश. जरा डावीकडे. हं, आता सोड." तिने फळीवरचा डबा काढला की, "आधी वजन बघ, मग उचल." अख्खी नोकरी क्रेनच्या खोलीत बसून खालच्या माणसाच्या खुणा पाळण्यात गेली होती, आता खुणा करण्याची हौस फिटत होती.

"तुझे बाबा मला क्रेन समजतात," ती नवऱ्याला म्हणाली.

"माझं कधी ऐकलंय त्यांनी? तूच बोल," म्हणून त्याने कूस बदलली. या बाबतीत तो वस्ताद होता.

नवी काठी आणली की प्रश्न मिटला, असं कोणालाही वाटेल. पण त्या बोटीचा एक नियम होता. ज्याच्या हातून काठी पाण्यात जाईल, त्याने नवी काठी आणायची आणि सगळ्यांच्या देखत धक्क्यावर उभं राहून, त्या काठीने खाली पाण्यात सोडलेली बादली वर उचलून दाखवायची. छोटीच बादली, तीही अर्धी भरलेली. उचलली तर बोटीत, नाहीतर कायमचं घरी. बोटीवर नवा गडी आला तरी त्यालाही हीच परीक्षा. आणि हा नियम कोणी केला? खुद्द मास्तरांनी. बोटीवर एक विमा एजंट यायचा, तो काठी धरल्या धरल्या झोपायचा. त्याला कटवायला मास्तरांनी ही युक्ती काढली होती. तो बिचारा बादली उचलता उचलता स्वतःच पाण्यात पडला, आणि मास्तर पोट धरून हसले. आता तोच नियम त्यांच्या राशीला लागला होता.

काठी गेली कशी, हे मास्तर रंगवून सांगायचे. मासाच एवढा मोठा होता की कोणाच्या बापाला आवरला नसता. हा मासा दर वेळी वाढायचा. पण सुनेने चहाचा कप पाहिला होता. उजव्या हातातला कप तोंडाशी जाईपर्यंत थरथरायला लागायचा आणि बशीत चहा सांडायचा. गेले काही दिवस मास्तर चहा डाव्या हाताने पीत होते आणि उजवा हात खिशात ठेवत होते. घरातसुद्धा.

"बाबा, हात दाखवू या का कोणाला?"

"तू दातांचं बघ," ते म्हणाले, आणि विषय संपला.

तिला मनापासून वाईट वाटलं. चिडचिड झाली ती वेगळीच. म्हातारा बोटीवर गेला नाही तर खचेल हे तिला दिसत होतं, आणि तो खचला तरी स्वयंपाकघराच्या दारातच खचणार होता. तेव्हा तिने ठरवलं की हाताचा शब्दही काढायचा नाही, पण त्या हाताला पेलेल अशीच काठी त्यांच्या गळी उतरवायची. शनिवारी दवाखाना लवकर बंद करून ती त्यांना घेऊन दुकानात गेली.

दुकान एवढंसं, पण छतापर्यंत काठ्याच काठ्या. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेली दुकानवाली मास्तरांना चांगली ओळखत होती. तिने जमिनीवरच्या शिशाच्या गोळ्याकडे बोट केलं. "दोरी अडकवा आणि उचलून बघा. मग म्हणू नका सांगितलं नाही."

मास्तरांनी गोळ्याकडे पाहिलं, पण हात काही खिशातून बाहेर आला नाही. "आधी सुनेला धरू दे. मला लांबून काठीचा वाक बरोबर दिसतो. आणि गोळा कसला उचलायचा, गोळा काय चावतो का? मी मासा होतो." असं म्हणून ते काउंटरच्या पलीकडे जाऊन ठेंगण्या स्टुलावर बसले. दोरीचं टोक त्यांच्या डाव्या हातात, काठी सुनेच्या हातात.

पहिली काठी त्यांनीच निवडली. लांबलचक, चकचकीत, गेलेल्या काठीची सख्खी बहीण. तिचं टोक पंख्याला लागलं, तिथून टोप्यांच्या स्टँडला लागलं, आणि पलीकडून माशाने नुसती दोरी ओढली तर सून काउंटरवर आडवी झाली.

"बाबा, क्रेनचा हात जेवढा लांब सोडावा तेवढं वजन कमी पेलतं, हे तुम्हीच सांगता ना? रोज जेवताना?"

"म्हणजे ऐकत होतीस तर," पलीकडून आवाज आला. त्यात आनंद लपत नव्हता.

लांब काठ्या बाद झाल्या. दुकानवालीने एक आखूड, जाडजूड काठी काढून दिली. सुनेने ती घट्ट धरली. बराच वेळ काहीच झालं नाही.

"कळलं का?" मास्तरांनी विचारलं.

"काय?"

"अगं, मासा आला, जेवला, हात धुऊन गेलासुद्धा."

दुकानवाली हसली. "तळाच्या मासेमारीला बुंधा दणकट लागतो हे खरं, पण टोक नरम हवं. खाली दिसत काही नाही, जे काय कळतं ते टोकाला कळतं." तिने मागच्या खोलीतून आणखी एक काठी आणली. ही पण आखूड, हिरव्या मुठीची, दिसायला अगदीच साधी.

सुनेने डोळे मिटले. आणि तिला कळलं. दाढेच्या मागे, जिथे दिसत नाही तिथे, बारीक सळीच्या टोकाने कीड चाचपताना बोटांना जसं कळतं तसंच हे होतं. "आता चाखतोय," ती म्हणाली. "थांबला. परत आला. आता डावीकडे सरकला."

"ओढ मग, बघतेस काय."

तिने बुंधा काखेत दाबला आणि ओढलं. पलीकडे स्टूल करकरलं. मासा जोरात होता. मग एका हाताने आवरेना म्हणून की काय, माशाने दुसरा हातही दोरीला लावला असावा, कारण एक बारीक थरथर दोरीतून काठीत आणि काठीतून थेट तिच्या कोपरापर्यंत आली. ती थांबेना.

"मासा दमला वाटतं," ती शक्य तेवढ्या सहज म्हणाली.

"मासा म्हातारा आहे," काउंटरमागून उत्तर आलं.

मास्तर उठले, हात खिशात घालून बाहेर आले आणि काठीकडे न बघता सुनेकडे बघत म्हणाले, "काखेत नीट बसते ना? मूठ जाड नाही ना होत?"

"माझ्या काखेचं काय घेऊन बसलात? उद्या बादली तुम्हाला उचलायची आहे. एकदा धरून तरी बघा."

"हीच बांधा," ते दुकानवालीला म्हणाले. सुनेला रात्रभर ती बादलीच दिसत होती.

सकाळी धक्क्यावर सगळे जमले होते. बोटवाला होता, निवृत्त पोस्टमन होता, आणि बोट कधीच सोडलेला तो विमा एजंट खास घडीची खुर्ची घेऊन आला होता. बरीच वर्षं तो या दिवसाची वाट बघत होता, त्याला दोष कसा द्यायचा? बोटवाल्याने बादली पाण्यात सोडली. मास्तरांनी काठीची पिशवी डाव्या हाताने उघडली, काठी बाहेर काढली आणि सुनेच्या हातात दिली.

"धर."

"हे चालणार नाही," एजंट खुर्चीतून उठला. "काठी कोणाची गेली?"

"माझी गेली," मास्तर म्हणाले. "आणि आता मी दुसरी धरणार नाही." त्यांनी उजवा हात खिशातून काढला आणि सगळ्यांसमोर धरला. तो थरथरत होता. "मासा मोठा नव्हता. हात सुटला. हा हात आता माझं ऐकत नाही." मग त्यांचा नेहमीचा आवाज परत आला. "ही काठी हिची. नवा गडी आहे, परीक्षा ती देईल. मी तिचा खुणा करणारा. खुणा करणाऱ्याने कधी वजन उचललंय का?"

एजंटने बोटवाल्याकडे पाहिलं. बोटवाला म्हणाला, "नियमात बसतं," आणि एजंट खाली बसला.

"बाबा, मला विचारायचं तरी," सून हळू आवाजात म्हणाली.

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

खरंच म्हणाली असती. बोटीचं नाव काढलं तरी तिला मळमळायचं. बाल्कनीतली खुर्ची तिच्या डोळ्यांपुढे आली, रिकामी, पुढच्या सगळ्या रविवारी रिकामी. काठी खाली ठेवली तर दोघंही आत्ता घरी जाणार होते, आणि मास्तर पुन्हा कधीच इथे येणार नव्हते. तिने सासऱ्यांना मनातल्या मनात चार शब्द सुनावले आणि बुंधा काखेत दाबला.

काठी वाकली. बादली जागची हलेना.

"सावकाश," मास्तर म्हणाले. "आधी वजन बघ, मग उचल."

आयुष्यात पहिल्यांदा तिने त्यांचं तंतोतंत ऐकलं. बादलीकडे बघणं सोडून ती त्यांच्या हातांकडे बघत राहिली. डावा हात वर, आणखी वर. मग उजवाही उठला, थरथरत, पण खूण स्पष्ट होती. डावीकडे. जरा डावीकडे. थांब.

बादली धक्क्यावर टेकली. "आता सोड," मास्तर म्हणाले. पोस्टमनने टाळ्या वाजवल्या, आणि एजंटने मान्य केल्यासारखी खुर्ची मिटली.

आधी मास्तर बोटीत उतरले. मग वळून त्यांनी तिला आधार द्यायला हात पुढे केला, आणि तो उजवा होता. तिने तो घट्ट धरला. त्याची थरथर कालपासून तिच्या ओळखीची होती.