रिपोर्ट भरपूर आला होता

"कोण फिरलं गं घरात?" मी ओरडले. ओट्यापासून देवघरापर्यंत फरशीवर लाल पावलं उमटली होती.

सून प्राजक्ता धावत आली. तिनं आधी फरशी पाहिली, मग माझे पाय. "आई, तुमचीच आहेत."

टाचेत बाटलीची काच रुतली होती. मला पत्ता नाही. गेले कितीतरी दिवस लुगड्याखाली कुणा परक्या बाईचे पाय चालतायत असं वाटायचं. पण सांगणार कुणाला?

तिनं मला रिक्षात घालून चाकणच्या दवाखान्यात नेलं. टाच शिवून झाल्यावर आम्रपाली डॉक्टर जुना कागद बघत बसल्या. "आजी, पायांना मुंग्या येतात म्हणून वर्षापूर्वी तुमचं बी-बारा तपासलं होतं. भरपूर आलं. तेव्हा आधी काही गोळ्या घेतल्या होत्या?"

"मी कशाला घिऊ?"

डॉक्टरीण पोरगी वस्ताद. नुसती बघत राहिली.

त्याचं असं झालं. शेजारच्या छबूबाईचं हेच बी-बारा जीवनसत्त्व कमी निघालं, तर आळीत बोभाटा, की सून खायला घालत नाही. बोभाट्यात मीच पुढे. मग माझं कमी निघून कसं चालेल? छबूबाईच्याच गोळ्या मागून आणल्या, आठ दिवस गुपचूप खाल्ल्या आणि मग रक्त द्यायला हात पुढे केला. रिपोर्ट आळीभर मिरवला. गोळ्या तिथंच बंद.

प्राजक्ता हळूच म्हणाली, "डॉक्टर, खाण्यापिण्यात माझंच काही चुकलं असेल."

हे मात्र मला गिळवेना. "गप गं. गोळ्या घेतल्या व्हत्या मी. आठ दिस. माझ्या घराला कुनी नाव ठिवू नये म्हनून."

"म्हणजे तो रिपोर्ट गोळ्यांचा होता, आजी. तुमचा नव्हता. तुमचं बी-बारा कमीच होतं, त्यानंच पायांच्या नसा बधिर झाल्या."

"मग आता सुया टोचा. पाय येतील न्हवं माघारी?"

"आजच सुरू करू. किती येतील, ते मलाही सांगता येणार नाही. दुसरा पाय पुढे करा. डोळे मिटा. हात लागला की सांगा."

मी मिटले. पंखा घरघरत होता. बराच वेळ गेला.

"लावा की हात," मी म्हटलं. "का मुहूर्त बघताय?"



मी डोळे उघडले. डॉक्टरांचं बोट माझ्या अंगठ्यावर टेकलेलं होतं. आणि खाली फरशीवर बसून प्राजक्तानं ते पाऊल दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं.