ओल्या विटांचा घाट

ताईचा ट्रक चढाला लागला की मागच्या गाड्यांमधल्या गप्पांचा विषय बदलायचा आणि ट्रकवर यायचा. कोणी म्हणायचं, याच्यापेक्षा रस्त्याकडेची झाडं लवकर वर जातात. कोणी म्हणायचं, गोगलगाय अन् पोटात पाय, पण हिच्या पोटात पाय तरी आहेत का, ते आधी बघा. ताईला आरशात त्यांची हलणारी तोंडं दिसायची आणि ती खुशाल पुढे बघत गाडी हाकायची. ट्रकला ती 'बाई' म्हणायची, आणि बाईंना घाई केलेली चालत नाही, असं ज्याला त्याला सांगायची.

खरं कारण साधं होतं. इंजिन लहान आणि अंग मोठं. त्यात डोंगरावर जसजसं वर जावं तसतशी हवा विरळ होते, आणि डिझेलला जळायलाही आपल्यासारखीच हवा लागते. खाली मुळात जेमतेम असलेली ताकद वर आणखी कमी व्हायची. सपाटीवर तुरुतुरु पळणारी बाई घाटात दम खात, धापा टाकत जायची.

घाटाचा रस्ता अरुंद, एका वेळी एकाच बाजूने जाण्यापुरता. खालचं फाटक उघडलं की तासभर गाड्या वर जायच्या. मग वरचं उघडलं की तासभर खाली यायच्या. जड गाड्या रांगेत पुढे. अर्ध्या वाटेत एक रुंद जागा होती, तिथे त्यांनी बाजूला थांबून मागच्यांना पुढे जाऊ द्यायचं. सगळ्यांच्या शेवटी मोटारसायकलवर झेंडेवाला, आणि तो वर पोचल्याशिवाय वरचं फाटक उघडत नसे. त्यामुळे ताईला उशीर झाला की वरची अख्खी रांग खोळंबायची. तसं दोनदा झालं होतं. बसच्या ड्रायव्हरने तक्रार केली होती. आज सकाळी फाटकवाल्याने ताईची नजर चुकवत सांगितलं, की आणखी एकदा वेळ चुकली तर ट्रकचा घाटाचा परवाना रद्द होणार.

"माझ्या हातात काही नाही, ताई. वरून आलंय."

"वरून काय, सगळंच येतं," ताई म्हणाली. "वर जायचं तेवढं अवघड आहे."

बोलायला ती बोलली, पण विषय थट्टेचा नव्हता. घाटावरच्या वस्तीला सामान पोचवणं हाच तिचा धंदा होता. परवाना गेला, तर या वयात बाईंना भंगारवाल्याशिवाय दुसरं स्थळ मिळणार नव्हतं.

आजचा माल घरचाच होता. धाकटा भाऊ पाव भाजायचा, आणि त्याने आता वरच्या वस्तीत दुकान थाटायचं ठरवलं होतं. जुनी भट्टी त्याने वीट-वीट सुटी केली होती. नव्या विटा घे, असं ताईने त्याला परोपरीने सांगून पाहिलं, पण या विटांना माझा हात माहीत आहे, हे त्याचं पालुपद. केबिनमध्ये तिघं होती: ताई, दाराशी भाऊ, आणि मध्ये मांडीवर खाण्याचा डबा घेऊन आत्या. आत्या टापटिपीची अशी, की पाहुणे यायचे असले तर अंगणातले दगडसुद्धा पुसून ठेवायची.

पहिल्याच वळणावर ताईच्या लक्षात आलं, की आज काहीतरी बिनसलंय. ज्या चढावर बाई दुसऱ्या गिअरमध्ये कुरकुरत का होईना पण जायची, तिथे तिने पहिल्याची मागणी केली. पुढे पहिलाही जड झाला. खिडकीशेजारून एक फुलपाखरू आलं, थोडा वेळ बरोबरीने उडालं आणि कंटाळून पुढे निघून गेलं.

"ताई, मी उतरून चालत पुढे होऊ का?" भाऊ म्हणाला. "तू येईस्तोवर पीठ मळून ठेवतो."

"हो की. पीठ फुगलं की हाक मार, म्हणजे पोचायला किती राहिलंय ते कळेल."

आत्या समोरच्या पत्र्यावरून हात फिरवत, चल गं माझे बाई, असं पुटपुटत होती. ताईचं लक्ष मात्र इंजिनाच्या आवाजाकडे होतं. नुसतं थकल्यावर निघतो तसा आवाज नव्हता हा. बाई खरंच म्हातारी झाली की काय, असं तिच्या मनात आलं, आणि ते तिला मुळीच आवडलं नाही.

रुंद जागा हाकेच्या अंतरावर दिसत होती, तेवढ्यात ट्रक थरथरला आणि बंद पडला. ताईने हँडब्रेक ओढला, भावाने उडी मारून चाकांमागे दगड लावले. खाली उतरली तो रस्त्यावर ठिबकणारं पाणी तिला दिसलं. रेडिएटर गेला, असं तिला आधी वाटलं. पण रेडिएटर पुढे होता आणि पाणी मागून गळत होतं. तिने ठिपक्यात बोट बुडवलं. एवढ्या चढावर रेडिएटरचं पाणी असतं तर बोट पोळलं असतं. हे गारढोण होतं, लालसर आणि बोटांना कचकचणारं.

तिने मागची ताडपत्री उचलली. विटा काळपट ओल्या होत्या. भावाने एक वीट उचलली आणि त्याचं मनगट खाली गेलं.

"ओल्या कशा झाल्या? पाऊस तर नाही," तो म्हणाला. मग दोघांनी एकदमच केबिनकडे पाहिलं.

"मी धुतल्या," खाली उतरता उतरता आत्या म्हणाली. "काय ती काजळी! ब्रशने जाईना, म्हणून रात्रभर हौदात भिजत घातल्या, अन् पहाटे हमालांकडून गाडीत भरून घेतल्या. नव्या जागेत काळं तोंड घेऊन जायचं का?"

भाऊ मटकन रस्त्यावर बसला. वीट म्हणजे बारीक भोकांचा डोंगर असतो, पिठासारखीच पाणी पिते, आणि पोटभर प्यायली तर आपल्या वजनाच्या सातव्या हिश्शाएवढं पाणी पोटात घेऊन बसते, हे त्याने आत्याला समजावलं. आत्याने ते नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, की मग काजळी आतूनसुद्धा निघाली असेल ना?

ताईला हसू आवरेना. बाई म्हातारी झाली नव्हती. तिच्या पाठीवर तिला न सांगता अख्खा हौद चढवला होता.

पण हसण्याने ट्रक हलत नाही. मागे बस येऊन थांबली होती, बसमागे एका डॉक्टरांची गाडी, त्यामागे आणखी चार-पाच. पुढे जायला वाट कोणालाच नव्हती. बसचा ड्रायव्हर घड्याळ बघत आला आणि म्हणाला, की तक्रार केली ती काय उगाच नव्हती.

"नव्हतीच," ताई म्हणाली. "पण आज मी अडकले म्हणजे तुम्हीही अडकलात. तुमची बस अर्धी रिकामी आहे. अर्ध्या विटा घ्या."

ड्रायव्हरने आपल्या झाडून-पुसून लख्ख केलेल्या बसकडे पाहिलं.

"स्वच्छ आहेत हो," आत्या म्हणाली.

यावर मागच्या गाड्यांमधली माणसंसुद्धा हसली, आणि हसलेल्या माणसाला मग हात मागे घेता येत नाही. प्रवासी उतरले, ट्रकपासून बसपर्यंत साखळी झाली आणि विटा हातोहात निघाल्या. काही डॉक्टरांच्या डिकीत गेल्या. रांगेतला एक गवंडी प्रत्येक वीट वाजवून बघत पुढे देत होता. त्याच्यामुळे उशीर होतोय म्हणून बायकांनी त्याला साखळीच्या शेवटी पाठवलं. भाऊ सगळ्यांना पहिल्या दिवशीचा पाव फुकट म्हणत सुटला. थांब, आधी वर पोच, म्हणून ताईने त्याला गप्प केलं.

मग तिने इंजिन चालू केलं. पहिल्या गिअरमध्ये बाई जागची हलली. पुढच्या वळणावर तिने आपणहून दुसरा घेतला, आणि त्या आवाजाने ताईला माहेरी आल्यासारखं वाटलं. रुंद जागेत नियमाप्रमाणे ताई बाजूला झाली, बसला वाट दिली आणि आरशात पाहिलं. बस येतच नव्हती. पार मागे, वळणाच्या तोंडाशी, ती घरघरत, थबकत, काळा धूर सोडत चढत होती. ड्रायव्हरने खिडकीतून हात बाहेर काढून खूण केली: तुम्ही व्हा पुढे.

फाटकाशी ताई वेळेत पोचली. वरच्या फाटकवाल्याने तिच्याकडे पाहिलं, मग मनगटावरच्या घड्याळाकडे, मग पुन्हा तिच्याकडे, आणि परवान्यावर शिक्का मारून दिला. बाकीच्या गाड्यांची मात्र वाट बघावी लागली. शेवटी बस आली. तिच्यामागे गाड्यांची शेपटी आणि सर्वांत मागे एक पाय जमिनीवर टेकवत आलेला झेंडेवाला.

फाटकवाल्याने बसच्या ड्रायव्हरला उशिराचं कारण विचारलं. ड्रायव्हरने कपाळ पुसलं, एकदा मागच्या विटांकडे आणि एकदा ताईकडे पाहिलं.

"चढ फार आहे हो," तो म्हणाला. "आजवर कधी लक्षात आलं नव्हतं."