लांब वल्हं

ब्रिटाने आईने बांधलेली गाठ सोडली आणि दोरी ओढून नव्याने बांधली. गाडीच्या टपावर लाकडी होडी उलटी घातलेली होती. करीन कॉफीचा थर्मास हातात घेऊन पायरीवर उभी होती. लेकीचे हात ती बघत राहिली.

"काय झालं त्या गाठीला?"

"काही नाही. ही जास्त आवळता येते, आणि सोडताना एका झटक्यात सुटते."

"माझी गाठ आजवर कधी सुटलेली नाही."

"तेच म्हणते मी. सुटतच नाही. परवा सुरीनं कापावी लागली."

"कुणी शिकवली?" करीनने विचारलं. उत्तर तिला माहीत होतं.

"जोस्लिननं."

थर्मासचं झाकण घट्टच होतं. करीनने ते आणखी पिळलं आणि गाडीत जाऊन बसली.

गेल्या शरद ऋतूपासून घरात हे एक तिसरं माणूस आलं होतं. जोस्लिन मूळची कोलोरॅडोची. उत्तरेकडच्या, जिथे कुणी फिरकत नाही अशा नद्यांमधून ती होडी नेत असे. तिच्या फिल्म लोक रात्रभर बघत. सरावासाठी ती करीनच्या तळ्यावर आली, करीनच्याच दुकानातून भाड्याने होडी घेतली, आणि सोबतीला म्हणून आठवड्याभरासाठी ब्रिटाला घेऊन गेली. तेव्हापासून जोस्लिन असं सांगते, जोस्लिन तसं करते. मोजे कसे वाळवायचे हेसुद्धा जोस्लिनला जास्त कळत होतं. करीनला हेवा वाटायचा. चांगला पोटात दुखेल इतका वाटायचा, आणि त्यावर सोडा घेऊन उपयोग नव्हता.

येत्या उन्हाळ्यात जोस्लिन पाचजणींना घेऊन हडसनच्या उपसागरापर्यंत जाणार होती. ब्रिटाला तिने विचारलं होतं. आज सेंट पॉल शहरात रानावनात भटकणाऱ्यांच्या सामानाचं मोठं प्रदर्शन होतं, तिथे तिला उत्तर द्यायचं होतं. हो म्हटलं तर सगळा उन्हाळा गेला. बर्फ वितळल्यावरची पहिली सफर दरवर्षी मायलेकींची असे, तयारीच्या धांदलीत तीही गेली. आणि एकदा त्या नदीवर गेलेली पोरगी आपल्या होडीत पुन्हा पुढे बसायला कशाला येते, हे करीनला कुणी सांगायला नको होतं.

दोघींच्या होडीत सुकाणू मागच्याच्या हातात असतं. वल्हंही त्याचंच लांब. करीनचं लांब वल्हं तिच्या वडिलांनी तासलेलं होतं, होडीही त्यांचीच. वल्ह्याच्या मुठीवरचं वॉर्निश करीनच्या तळव्याने उडालं होतं. दुसऱ्या कुणी त्याला हात लावलेला तिला खपत नसे. ब्रिटा पाच वर्षांची असल्यापासून आखूड वल्हं घेऊन पुढे बसायची. दरवर्षी धक्क्यावरून निघताना करीन विचारायची, "बसतेस का मागं?" ब्रिटा म्हणायची, "नको, बस तू." पोरीला पुढेच आवडतं, असं करीन सगळ्यांना सांगायची.

आता होडी आणि दोन्ही वल्ही जोस्लिनच्या व्यासपीठावर शोभेला हवी होती. तिने मागितली, ब्रिटाने हो म्हटलं, आणि मग आईला विचारलं.

पाइनची रानं मागे पडली, सपाट शेतं लागली. नेहमीच्या ठिकाणी त्या थांबल्या. तिथले कॅरमेलचे रोल डोक्याएवढे असतात, दोघींत एक पुरतो. हॉटेलची म्हातारी मालकीण किटली घेऊन आली.

"आणखी कॉफी?"

"नको नको," करीन म्हणाली.

"अगं, ताजी आहे."

"नाही, खरंच. खूप झाली."

"घे गं, थंडी आहे बाहेर."

"बरं. अर्धाच कप."

म्हातारीने काठोकाठ भरला. ब्रिटा हसायला लागली.

"आई, एकदा तरी पहिल्या वेळी हो म्हण ना."

"पहिल्याच वेळी हो म्हणायला आपण काय अधाशी आहोत?"

"जोस्लिन म्हणते. हवं असलं तर हो, नको असलं तर नको. किती सोपं."

"ती कोलोरॅडोची आहे," करीन म्हणाली. तिच्या मते यात सगळं आलं.

बशीत रोलचा शेवटचा घास राहिला. ब्रिटाने त्यातला अर्धा तोडला. करीनने उरलेल्याचा अर्धा तोडला. मग जो तुकडा उरला त्याला कुणी हात लावला नाही. मालकिणीने न विचारता तो डब्यात घालून दिला.

प्रदर्शनाच्या हॉलमध्ये तंबूंच्या रांगा होत्या. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं आणि आत शेकडो माणसं पावसाचे कोट घालून फिरत होती. कोटांच्या घड्याही अजून मोडलेल्या नव्हत्या. एक गृहस्थ कोरड्या फरशीवर स्लीपिंग बॅगमध्ये शिरून बायकोला विचारत होते, "ऊब येतेय का गं?" एरवी करीनला फार हसू आलं असतं.

जोस्लिनने ब्रिटाला लांबूनच पाहिलं, धावत आली आणि तिला कडकडून मिठी मारली. ब्रिटानेही मारली. त्यांच्या घरात मिठी मारली तरी खांद्यावर दोन थापा मारून बाजूला होण्याची पद्धत होती. ही मिठी काही संपेना. करीन होडीच्या दोऱ्या गुंडाळत राहिली.

भाषणाला खुर्च्या पुरल्या नाहीत. बोलता बोलता जोस्लिनने होडीत ठेवलेलं लांब वल्हं उचललं. करीनची बोटं मांडीवर आवळली गेली.

"लोक मला विचारतात, तुला भीती कधी वाटली," जोस्लिन म्हणाली. "गेल्या शरदात. इथंच, तुमच्याच मोठ्या तळ्यावर. वारा फिरला, लाटा होडीत यायला लागल्या. मी पुढं होते. मागं एक वीस वर्षांची मुलगी होती. तिनं एकदाही आवाज चढवला नाही. प्रत्येक लाट मला आधी सांगितली आणि होडी किनाऱ्याला आणली. ती इथं बसली आहे. ब्रिटा, उभी राहा."

ब्रिटा लालबुंद होऊन उभी राहिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. करीननेही वाजवल्या.

"तू मागं बसली होतीस?" लेक खाली बसल्यावर तिने विचारलं.

"हो."

"बोलली नाहीस."

"तू विचारलं नाहीस. तू विचारलंस, तिचा तंबू गळत होता का."

भाषण संपल्यावर जोस्लिन दोघींकडे आली. वल्हं तिने आडवं धरून करीनला परत दिलं. तेवढी रीत तिला होती, आणि त्याचाही करीनला राग आला.

"करीन, ब्रिटानं मला हो सांगितलंय. सकाळीच, फोनवर. तुम्हाला कळलं असेल."

करीनने मान हलवली. तिला कळलं नव्हतं.

"आणि आमच्यातल्या एकीचा गुडघा गेलाय. एक जागा रिकामी झाली आहे. ब्रिटा सारखी तुमच्याबद्दल सांगत असते. वाऱ्यात होडी कशी धरायची हे तुमच्याकडूनच शिकले म्हणते. तुम्ही येता का?"

हॉलमधला गलका करीनला ऐकू येईनासा झाला. ती नदी तिने नकाशावर बोटाने किती वेळा उतरून पाहिली होती! वडिलांना जायचं होतं, ते राहिलं. तिला जायचं होतं, मग ब्रिटा झाली. दुकान चुलतभाऊ सांभाळेल. गुडघे ठीक आहेत. एवढं सगळं तिच्या डोक्यातून सरसर गेलं आणि तोंडातून सवयीने बाहेर पडलं,

"छे छे, मी कुठं आता! दुकान कोण बघणार?"

आणि ती थांबली. आता जोस्लिन म्हणेल, अहो, दुकानाचं काय एवढं. मग आपण म्हणायचं, नाही, खरंच, तुम्हा तरुण मुलींत मी कशाला. मग ती म्हणेल, या हो. मग आपण म्हणायचं, बरं.

जोस्लिनने तिच्या डोळ्यांत सरळ पाहिलं.

"समजलं," ती म्हणाली. "स्पष्ट सांगितलंत, बरं झालं. मग मी दुसऱ्या एकीला विचारते." करीनचा हात दाबून ती गर्दीत गेली.

दुसरा नकार करीनच्या ओठांवर तयार होता, तो तसाच राहिला. तिने ब्रिटाकडे पाहिलं. आपल्या घरात वाढलेल्या पोरीला हे समजावून सांगायची गरज नव्हती. एक हाक मारली असती तरी पुरे होतं. जोस्लिन, थांब, आईला यायचंय, आमच्याकडे असंच म्हणतात. ब्रिटाने तोंड उघडलंही. मग ती खाली वाकली आणि बुटाची नाडी बांधायला लागली. नाडी सुटलेली नव्हती.

परत निघताना होडी टपावर चढवली. सगळ्या गाठी करीनने ब्रिटालाच बांधू दिल्या.

रोलचा डबा दोघींच्या मध्ये होता. शेतं संपून पुन्हा रान सुरू झालं तेव्हा ब्रिटा म्हणाली,

"तिला माहीत नाही, पुन्हा विचारायचं असतं ते."

"हं."

"मला सांगता आलं असतं."

"हो."

"नाही सांगितलं मी."

"पाहिलं मी."

ब्रिटा खिडकीबाहेर बघत होती. तिचा आवाज बारीक झाला. "तू आली असतीस, तर मागं तूच बसली असतीस."

"काहीतरीच! मी तुला म्हटलं असतं, बस मागं."

"हो. म्हटलं असतंस. मी म्हटलं असतं, नको, बस तू. आणि तू बसली असतीस."

समोरचा रस्ता सरळ होता, तरी करीनने चाक दोन्ही हातांनी धरलं. तिच्या डोळ्यांपुढे तळ्यावरचा धक्का आला, दर वर्षीचा. पुढे बसायला वाकलेली पाठ आली. पाठ दर वर्षी रुंद होत गेली होती, आणि उत्तर तेच होतं. कॉफीवालीला जे कळतं ते आपल्याला कळलं नव्हतं काय? कळलं होतं. प्रत्येक वेळी कळलं होतं. लांब वल्हं हातात आलेलं बरं वाटायचं, म्हणून ती चटकन बसून घ्यायची.

घरी पोचल्या तेव्हा अजून उजेड होता. तळ्यावरचा बर्फ काळवंडला होता. आता फार दिवस टिकणार नव्हता. ब्रिटाने एकेक झटका दिला आणि सगळ्या गाठी सुटल्या. दोघींनी होडी उतरवून अंगणातल्या लाकडी तिकाटण्यांवर ठेवली. करीनने गाडीतून लांब वल्हं काढलं. मूठ लेकीच्या बाजूला करून ते पुढे धरलं.

"हे ने नदीवर."

ब्रिटा मागे सरकली. "नको आई. तुझं आहे ते."

करीनचा हात सवयीने मागे यायला निघाला. तिने तो तिथेच रोखला.

"घे."

"नाही, खरंच नको. आजोबांचं आहे. मोडलं बिडलं तर?"

तळ्यावर कुठेतरी बर्फ तडकला. करीनला हेवा अजून वाटतच होता. जोस्लिनचा वाटत होता, नदीचा वाटत होता, समोरच्या त्या तरुण तळव्यांचाही वाटत होता.

"घे म्हणते ना," ती म्हणाली.

ब्रिटाने दोन्ही हातांनी वल्हं घेतलं. वॉर्निश उडालेल्या जागेवर तिचा तळवा बसला.

करीनने आखूड वल्हं उचललं, दुसऱ्या हातात रोलचा डबा घेतला, आणि ती घराकडे चालू लागली.