लिंबाजींची पट्टी आणि सगुणाबाईंचा गळा

मी एक जुनी हार्मोनियम आहे, पण ताडकळसकडच्या लोकांनी मला पेटीखेरीज दुसऱ्या नावानं कधी हाक मारली नाही. भात्याला तीन ठिगळं आहेत आणि स्वभाव पहिल्यापासून कुरकुरा. मित्रांनो, आज मी बढाई मारणार नाही. मला एक चूक कबूल करायची आहे.

शाहीर लिंबाजींची गायन पार्टी होती. बाबासाहेबांच्या जयंतीला ती गावोगाव जायची. मला वाजवायचे त्यांचे चुलतभाऊ सूर्यभान. लिंबाजींना लिहिता येत नव्हतं. गाणं सुचलं की ते बायकोला म्हणून दाखवायचे आणि सगुणाबाई ते पाठ करायच्या. अशी चाळीस गाणी त्यांना पाठ होती. घरी त्या सुरेख गायच्या. कार्यक्रमात मात्र कोरसच्या बायकांत मागं बसून धृपदाची वरची ओळ तेवढी उचलायच्या. माणसं पाहिली की त्यांचे हात गार पडायचे.

एकाहत्तर साली लिंबाजी क्षयानं गेले. पुढच्या जयंतीला सगळ्यांनी सगुणाबाईंना पुढं बसवलं, कारण ती गाणी दुसऱ्या कुणालाच येत नव्हती.

तिथंच चुकलं. पंधरा वर्षांच्या सवयीनं सूर्यभाननी लिंबाजींची पट्टी, म्हणजे त्यांच्या गळ्याचा सूर धरला, काळी एक. बाईंचा गळा त्याहून बराच वरचा, काळी पाचचा. सुरुवातीचे खालचे सूर घशातच बुडाले. त्या थांबल्या, पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबल्या.

"बाई भेली की हो! उठवा तिला!" मागून कुणीतरी ओरडलं आणि मंडपात हशा पिकला.

मला सगळं कळत होतं. पण जी पट्टी दाबतील तीच वाजवणं माझं काम. भीतीनं आपला गळाच गेला, असं बाईंना वाटलं. पदर तोंडावर घेऊन त्या खाली उतरल्या.

मग दुष्काळ पडला. सगुणाबाई सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडू लागल्या. दोन वर्षं त्यांनी साधं गुणगुणलंही नाही. मी सूर्यभानच्या माळ्यावर पडून होते. उंदरांनी भाता कुरतडला.

चौऱ्याहत्तरच्या जयंतीआधी लिंबाजींची थोरली बहीण सुमनबाई सगुणाबाईंना हाताला धरून सूर्यभानच्या घरी घेऊन आल्या.

"माझ्या भावाचं येक तरी गाणं ऐकू दे गं. मी काय लय दिस न्हाई आता."

"आक्का, भ्या वाटायलंय."

सूर्यभाननी ठिगळं लावून मला पुढं घेतलं आणि पुन्हा काळी एक धरली. बाई पुन्हा अडखळल्या.

"आरं, चुलीपशी ती लय वरून म्हणायची," सुमनबाई म्हणाल्या. "लिंबाजीचा सूर कशाला देतूस तिला?"

सूर्यभानचं बोट थांबलं. एकेक पट्टी करत ते वर सरकले. काळी पाचवर गळा मोकळा झाला.

"वैनी, चूक माझी हाय," ते म्हणाले आणि रडले.

जयंतीला सगुणाबाई पुढं बसल्या. भीती गेली नव्हती. माझी कड त्यांनी घट्ट धरून ठेवली होती. पण गाणं निघालं. यंदा कुणी हसलं नाही. दुसरं म्हटलं, तिसरं म्हटलं, सात झाली.

आठव्याचे शब्द आले नाहीत. नवव्याचेही नाहीत. सूर्यभान भाता हलवत राहिले, मी सूर धरून राहिले. बाई डोळे मिटून नुसत्या ओठ हलवत होत्या. दोन वर्षं कुणी म्हटलीच नव्हती ती गाणी.

मित्रांनो, कुणी लोकांपुढं अडखळलं तर हसू नका. तुझा सूर कोणता, एवढं त्याला विचारा. आम्ही विचारलं नाही. सुमनबाईंनी विचारलं, तेव्हा चाळीस गाण्यांतली सातच उरली होती.