दोन कंपन्यांच्या दोन डिस्क

"एकाच कंपनीच्या दोन हव्यात तर दुसरं दुकान बघा," वैद्य म्हणाला आणि टेबलावरचा कॉम्प्युटर गिऱ्हाइकाकडे सरकवला. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या या माणसाला सगळी गल्ली वैद्य म्हणायची, कारण बिघडलेल्या हार्ड डिस्कला तो आधी कान लावायचा. गिऱ्हाईक शाळामास्तर होतं. एका यंत्रात दोन कंपन्यांच्या डिस्क घातल्या की त्या आपसांत भांडतात, असं त्याने कुठेतरी ऐकलं होतं. कुणी सांगितलं देव जाणे! डिस्क काय भाऊबंद आहेत भांडायला, असं वैद्याने विचारल्यावर मास्तर पुटपुटत निघून गेला.

एकेकाळी वैद्याचाही असाच हट्ट होता. थोरल्या भावाच्या कॉम्प्युटरमध्ये त्याने दोन डिस्क बसवल्या होत्या. एकीवर जे ठेवाल त्याची नक्कल आपोआप दुसरीवर. एक गेली तरी दुसरी आहेच. त्याने त्या मोठ्या हौसेने एकाच कंपनीच्या, एकाच खोक्यातल्या, लागोपाठच्या नंबरांच्या घेतल्या. जोडी कशी शोभून दिसली पाहिजे! पुढे भावाची नऊ वर्षांची मुलगी, बबडी, तापाने गेली. तिचं हसणं, बोलणं, सगळं त्या दोन डिस्कवर होतं. एके सकाळी पहिली डिस्क टिकटिकायला लागली, म्हणजे ती आता जाणार. वैद्य धावत गेला, दुसरीवरचं सगळं नव्या डिस्कवर उतरवायला घेतलं, आणि अर्ध्या तासात दुसरीही टिकटिकली. एकाच दिवशी घडलेल्या, एकच खोट असलेल्या, सारख्याच राबलेल्या; गेल्याही बरोबरच. हे त्याला आधी कळायला हवं होतं. त्याचा धंदाच तो होता.

तेव्हापासून ती टिकटिक त्याच्या मागे लागली. घरात नळ ठिबकला तरी त्याचा घास हातात राहायचा. मेलेल्या डिस्क त्याने टाकल्या नाहीत. दर रविवारी बंद दुकानात तो त्या जोडायचा आणि कान लावून बसायचा. पोरगी आत अडकली आहे, असं त्याला खरोखर वाटायचं.

मास्तर गेला त्याच दुपारी वहिनी आली. भावाला जाऊन वर्ष झालं होतं, आणि दुकानात ती पहिल्यांदाच येत होती. भावाच्या कपाटात जुना फोन सापडला, त्यात बबडीचा आवाज आहे, अकरा सेकंदांचा, तेवढाच उरलाय, असं तिने सांगितलं. फोनचा काही भरवसा नव्हता. वैद्याने फळीवरून दोन वेगळ्या कंपन्यांच्या डिस्क काढल्या. वेगवेगळ्या कशाला, असं तिने विचारलं, तेव्हा सारख्या असल्या की एकाच दोषाने दोन्ही जातात, असं तो सवयीने बोलून गेला.

वहिनीने त्याला तिथेच अडवलं. "पण तेव्हाचा कॉम्प्युटर तर यांच्या हातून पडून बिघडला ना?"

वैद्याला आत्ता कळलं. भावाने दोष स्वतःच्या अंगावर घेतला होता आणि धाकट्याला त्याचा पत्ताही लागू दिला नव्हता. आता गप्प बसलं तरी कुणाला कळणार होतं?

"दादाच्या हातून काही पडलं नाही, वहिनी. डिस्क मी सारख्या बसवल्या होत्या, म्हणून गेल्या."

तिने फोन उचलून पर्समध्ये टाकला.

"मी पाच वर्षं त्यांच्याशी धड बोलले नाही, भाऊजी. जेवायला वाढायचे, तेवढंच."

वहिनी पायरीपर्यंत गेली आणि परत आली. दुसऱ्या कुणापुढे हे सगळं सांगत बसायची माझ्यात ताकद नाही, असं म्हणत तिने फोन पुन्हा टेबलावर ठेवला, खुर्ची ओढली आणि त्याच्या हातांवर नजर ठेवून बसली.

त्याने आवाज आधी एका डिस्कवर, मग दुसरीवर उतरवला. झाल्यावर त्याने पहिल्या डिस्कवरचा लावून दाखवला.

"काका, बाबांचा कॉम्प्युटर अडलाय. तू येतोस ना? लवकर ये, मी तोवर थांबते."

वैद्याने डोळ्यांवर हात धरला. वहिनी जागची हलली नाही.

"आता दुसरीवरचा लावा," ती म्हणाली.

त्याने लावला.