भोपळेरावांच्या खिशातली किल्ली

भोपळेरावांच्या कोटाच्या खिशातून दुसऱ्याच घराची किल्ली निघाली, तेव्हा लाँड्रीत जमलेल्या सगळ्यांच्या तोंडून एकच 'आं' बाहेर पडला. वहिनींच्याही. पण वहिनींची नजर टीव्हीवरून सहज नवऱ्याकडे वळली आणि तिथेच अडकली. दादांनी हातातली इस्त्री केव्हाच उभी करून ठेवली होती.

दुसऱ्या कुणाला यात काही वाटलं नसतं. पण वहिनींनी त्या हाताशेजारी उभं राहून उभा संसार केला होता. मालिकेत धक्का बसला की दादांचा हात जागच्या जागी थिजतो आणि खालचं कापड करपतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? भोपळेरावांची नोकरी गेली तेव्हा एका वकिलांची कॉलर गेली होती. सुईबाईंना जुळं झालं तेव्हा कुणाच्या तरी अभ्र्यावर तपकिरी त्रिकोण उमटला होता. आणि आज, किल्ली निघण्याच्या आधीच, इस्त्री उभी.

म्हणजे यांना ठाऊक होतं. म्हणजे यांनी हा भाग आधीच पाहिला होता.

कुणाबरोबर?

तसे भोपळेराव आणि सुईबाई म्हणजे काही कुणाचे सोयरे नव्हते. एका विनोदी मालिकेतलं जोडपं ते. तो गोल आणि गोड, ती बारीक आणि टोचणारी, म्हणून गल्लीने त्यांना ही नावं दिली. खरी नावं कुणाला आठवतही नसत. वर्षानुवर्षं त्यांच्या भांडणांवर लाँड्री हसत आली होती. पण आता मालिका शेवटाला आली होती आणि लेखकाला काय अवदसा आठवली कोण जाणे, त्याने सुखाच्या संसारात चिमूटभर विष टाकलं होतं.

"किल्ली सापडली म्हणजे बाई सापडलीच," शेजारच्या शिंपीणबाई म्हणाल्या.

"गोदामाचीही असेल," पोस्टमन म्हणाला.

"गोदामाच्या किल्लीला लाल रिबीन बांधतात होय?"

स्टुलावर बसलेल्या नणंदेने तोंड वाकडं केलं. "आमचा भोपळा तसला नाही. हिच्याच तोंडाला कुलूप नाही. मग माणूस दुसरं दार शोधेल नाही तर काय करेल?"

"आपला तो बाब्या," शिंपीणबाई म्हणाल्या.

"बघा ना," पोस्टमन म्हणाला. "आणि म्हणे फोनवर एक दिवस आधीच दिसतं सगळं. ज्यांना धीर नाही ते बघून मोकळे होतात आणि आपण बसतो इथे वाट बघत."

दादांनी शर्टावर पाणी शिंपडलं आणि इस्त्री पुन्हा फिरवू लागले, जणू शर्टाची बाही हेच काय ते जगात उरलं होतं. वहिनींच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

संशयाचं रोप बाई, त्याला लागेना पाणी,
दिवसा ते मुकं मुकं, उशाशी गातं गाणी.

आठवडाभर ते रोप गात राहिलं. लोकांचे खिसे तपासून कपडे पाण्यात टाकणं हे वहिनींचं रोजचं काम. सुपारीची चिमूट, बसची तिकिटं, कुणाचे अर्धवट फाडलेले फोटो, सगळं त्यांच्या हातून गेलेलं. दुसऱ्यांच्या खिशात त्या कधी नाक खुपसत नसत. आता मात्र नवऱ्याचा सदरा धुताना खिसा दोनदा उलटा केला. काही निघालं नाही. काही न निघणं हेच त्यांना जास्त खटकलं.

मग एकेक गोष्ट डोळ्यांपुढे येऊ लागली. कपडे पोचवायला गेलेले दादा अलीकडे उशिरा परततात. आल्यावर लगेच टीव्हीकडे नाही, आपल्याकडे बघतात, आणि आपण बघितलं की मान वळवतात. चोराच्या मनात चांदणं. शिंपीणबाईही त्या दिवशी 'आं' जरा उशिराच म्हणाल्या होत्या की काय?

"तुम्ही फोनवर आधी बघता का हो?" वहिनींनी शिंपीणबाईंना सहज विचारल्यासारखं विचारलं.

"छे. आधी बघितलं की संध्याकाळी शिळं वाटतं," शिंपीणबाई दोरा दातांनी तोडत म्हणाल्या. "का, कोण बघतं?"

"कुणी नाही."

शेवटचा भाग उद्यावर आला. दुपारी दादा सायकलवर गठ्ठे लादून निघाले. वहिनींनी एक टॉवेल मुद्दामच मागे ठेवून घेतला होता. विसरला म्हणून द्यायला जाते, असं नणंदेला सांगून त्या मागोमाग गेल्या.

सायकल एका उंच इमारतीखाली उभी होती. लिफ्ट चालू होती, तरी वहिनी जिन्याने चढल्या. दोन मजले चढल्या आणि थबकल्या. वरून हसण्याचा आवाज येत होता. एक-दोघांचा नाही, चांगल्या पंचवीस माणसांचा. आणि त्या हशातून वाट काढत एका बाईचा आवाज. ओळखीचा, अगदी घरातला असावा इतका ओळखीचा.

कठडा धरून त्या वळणावर आल्या.

पायरीवर दादा एकटे बसले होते. शेजारी कपड्यांचा गठ्ठा, हातात फोन. आवाज सुईबाईंचा होता, हशा मालिकेतल्या प्रेक्षकांचा.

दादांनी वर पाहिलं. त्यांचा चेहरा कापडासारखा पांढरा पडला.

"टॉवेल राहिला होता," वहिनी म्हणाल्या. मग म्हणाल्या, "इथे चोरून कशाला बघता?"

"आधी बघून ठेवलं," दादा म्हणाले, "म्हणजे संध्याकाळी तुझ्याकडे बघता येतं."

"माझ्याकडे?"

"किल्लीच्या आधी एकदा सुईबाई भांडून, बॅग भरून बहिणीकडे गेली, तेव्हा सगळे हळहळले. तू एकटीच हळूच म्हणालीस, बरं केलं. तेव्हापासून बघतोय. कुठल्या वाक्याला तुझा चेहरा कसा होतो ते."

"म्हणजे पाळत ठेवता माझ्यावर."

"आणि तू जिना चढून आलीस ती टॉवेलासाठी?"

फोनमधली माणसं पुन्हा खदखदून हसली. दादांनी तो थांबवला. जिन्यात एकदम शांत झालं.

"मनापासून म्हणाली होतीस का ते?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलणं सोपं होतं. तेवढ्यावर सगळं निभावलं असतं.

"त्या दिवशी मनापासून," वहिनी म्हणाल्या. "ती दोघं निदान भांडतात तरी. तुम्ही माझ्याशी बोलता ते गिऱ्हाइकाच्या शर्टाबद्दल. स्टार्च जास्त झाला, बटण तुटलं. माझ्याशी शेवटचं काय बोललात, आठवतंय?"

दादांना आठवलं नाही. ते वहिनींना दिसलं.

"आणि आता?" ते म्हणाले. "आताही तसंच वाटतं?"

"आता माहीत नाही. विचारलंत तेच आज पहिल्यांदा."

दादांनी शेजारचा गठ्ठा उचलून मांडीवर घेतला. पायरीवर जागा झाली. वहिनी लगेच बसल्या नाहीत. हा माणूस खरंच घाबरलाय, की पकडला गेला म्हणून गरीब झालाय, हे त्या निरखत राहिल्या.

"किल्लीवरून घर सोडलं तिने. शेवटी परत येते का?"

"अर्ध्यावरच आलोय. पुढे बघायचं धाडस होत नाही."

वहिनींनी हात पुढे केला. दादांनी फोन दिला. पडद्यावर सुईबाई दाराच्या उंबऱ्यात उभी होती, एक पाय आत, एक बाहेर. खालची रेघ अर्धीच सरकलेली होती. ते म्हणाले एवढं तरी खरं होतं.

त्यांनी फोन पालथा करून पायरीवर ठेवला आणि दादांच्या शेजारी, जरा अंतर राखून, बसल्या.

"बोला," त्या म्हणाल्या.